पाय सरळ, खड्डा तिरका

नव्या पायपुसण्याचा एक कोपरा वर राहिला होता. त्यात गोजाबाईंचा अंगठा अडकला आणि चौकट हाताशी होती म्हणून म्हातारी वाचली. लागलं काहीच नाही, पण मुलानं, अजिनाथनं, ते पाहिलं आणि तिथंच घात झाला.

"आई, वय झालं आता तुझं. उद्यापासून एकटीनं बाहेर जायचं नाही," आपल्या पतसंस्थेत कर्ज नामंजूर करतो त्या आवाजात तो म्हणाला.

गोजाबाई रोज सकाळी दोन गल्ल्या सोडून मैत्रिणीच्या, सुंदरम्माच्या, कट्ट्यावर जाऊन बसत. मंद्रूप गाव सोडून सोलापुरात आल्यापासून त्यांना तेवढं एकच सुख होतं. तेही कुणाच्या बोटाला धरून भोगायचं म्हणजे नकोच ते.

"माजा पाय न्हाय चुकला, तुजं पायपुसणं चुकलंय. खड्डाच तिरका हाय."

"खड्डा नाही, खाच आहे ती."

ही खाच म्हणजे अजिनाथची हौस. कुठल्याशा हॉटेलात फरशीच्या पातळीत बसवलेलं पायपुसणं त्यानं पाहिलं आणि घर बांधताना दारात तसंच करून घेतलं. दारात खड्डा कशाला, असं गोजाबाईंनी तेव्हाही विचारलं होतं. पण जुनं काथ्याचं पायपुसणं झिजत झिजत खाचेत मुरलं आणि इतकी वर्षं झाकली मूठ राहिली.

गोजाबाईंनी दारात फतकल मारून खड्डा वितीनं मोजला. आतली बाजू भरली त्याहून बाहेरची चांगली चार बोटं कमी भरली.

"बग. उजवीकडनं कललाय."

"फरशी मी स्वतः उभा राहून बसवून घेतलीय, आई."

"हुबा हुतास की. तिरका हुबा असशील."

सून ऋतुजा आतून हसली, तसा अजिनाथ पेटला. त्यानं खाचेत वर्तमानपत्र दाबून बसवलं आणि कडेनं नीट कापून घेतलं. कागद तिरकाच निघाला. पायपुसणं पालथं घालून त्यानं कागद मागच्या रबरावर ठेवला, कारण रबरावर पेन उमटतं, आणि अख्खा रविवार घालवून रेघेवरून सुरी चालवली. मग पायपुसणं सुलटं केलं. तिरकी बाजू उजवीकडची डावीकडे गेली होती. आता ते खाचेत बसत होतं, अगदी चपखल बसत होतं, पण पालथंच. रबर वर आणि 'सुस्वागतम्' खाली.

"अहो, उलटं कापलंत तुम्ही," ऋतुजा म्हणाली.

"उलटं नाही. असंच घालतात. रबर धुवायला सोपं पडतं."

"आन सुस्वागतम् कुनाला, मुंग्यास्नी?" गोजाबाईंनी विचारलं.

"हे असंच राहणार. आणि तू एकटी जाणार नाहीस."

सोमवारी सकाळी ऋतुजानं नेहमीसारखा दारात सडा घालून रांगोळी काढली. अजिनाथ ऑफिसला निघाला. कडेनं सहज जाता आलं असतं, पण आईकडे बघत त्यानं मुद्दाम ओल्या रबराच्या मधोमध पाय ठेवला. पुढच्या क्षणी तो रांगोळीत बसला होता आणि घोटा मुरगळला होता.

गोजाबाई शांतपणे उठल्या. पायात चपला घातल्या, पिशवी काखेला मारली.

"वय झालं बाबा तुजं. आता एकट्यानं भाईर जायाचं न्हाय."

"आई, पंचेचाळीसचा आहे मी."

"मंग? खड्ड्याला वय कळतं व्हय?"

रिक्षा मिळेना, साहेबांची मीटिंग चुकवता येईना. अजिनाथ आईच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत निघाला. सगळी गल्ली बघत होती. पतसंस्थेच्या पायरीवर गोजाबाईंनी त्याला शिपायाच्या हवाली केलं.

"संध्याकाळी कुनाच्या तरी संगं लावून द्या बरं का. पडतंय पोरगं."

खिडकीतून अजिनाथला समोरचा रस्ता दिसत होता. गोजाबाई दोन्हीकडं बघून एकट्याच पलीकडं गेल्या आणि सुंदरम्माच्या गल्लीत वळल्या. हाक मारायला म्हणून तो उठायला गेला, पण पाय टेकेना.