टाळी पडेपर्यंत

"बाबा येतायत," बायकोने सांगितलं, तेव्हा जावई आरशासमोर उभा राहून बो-टाय बांधत होता. त्याचे हात थांबले.

"कुठे?"

"कुठे काय? तुझ्या कार्यक्रमाला. पहिल्या रांगेत. स्वतः तिकीट काढलंय."

जावई दिवसा लिफ्ट तपासायचा आणि संध्याकाळी वीस जणांच्या जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. वाजवायचा म्हणजे बहुतेक वेळ मांडीवर घेऊन बसायचा. अकरा वर्षांत त्याला एकट्याने वाजवायला काही मिळालं नव्हतं. यंदा वर्षअखेरीच्या उत्सवी कार्यक्रमात बँड जुन्या सिम्फन्या जॅझच्या ठेक्यात वाजवणार होता आणि बँडमास्तरांनी त्याला चक्क अर्ध्या मिनिटाचा सोलो दिला होता. तीन महिने तो तुकडा घरात इतका घोटला गेला, की शेजारीण कपडे वाळत घालताना तोच गुणगुणायची.

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. सिम्फनीच्या सभागृहात चाळीस वर्षं त्यांची एकच खुर्ची. जॅझबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं, 'गोंगाट'. जावयाबद्दल ते एवढंही बोलत नसत. मुलीशी बोलताना 'तुझा तो लिफ्टवाला' म्हणत आणि खुद्द लिफ्टवाल्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत.

"आज नीट वाजव हं," बायको म्हणाली. "बाबा म्हणाले, बघू या, बसूनच असतो की वाजवतोही."

या बँडचा एक दंडक होता. सोलो वाजवणाऱ्याने टाळ्या पडल्या की खाली बसायचं. तो बसला की पुढच्याने उठायचं. टाळ्या पडेपर्यंत बाकीच्यांनी मागे ठेका धरून ठेवायचा. टाळ्या पडल्या नाहीत असं कधी झालंच नव्हतं, कारण प्रेक्षकांत सगळे नातेवाईकच असत. या खेपेला मात्र जाहिरातीत सिम्फनीचं नाव वाचून सहाशे परके लोक आले होते.

पहिला सोलो सॅक्सोफोनवाल्याचा. पेशाने तो दंतवैद्य. त्याने झकास वाजवलं. तिसऱ्या रांगेत दोघांनी टाळीसाठी हात उचलले, तोच सासरे मागे वळले.

"श्शू! रचना संपायचीय अजून. वाक्याच्या मध्येच पूर्णविराम देता का?"

पांढरे केस, पहिली रांग आणि हा दरारा. माणूस जाणकार असणारच. सहाशे माणसांनी हात मांडीवर ठेवले.

टाळी नाही म्हटल्यावर दंतवैद्याला वाटलं, आपलं आवडलं नाही. त्याने वेगळं काहीतरी वाजवलं. शांतता. मग जलद वाजवलं. शांतता. पाचव्या खेपेला तो गुडघ्यांवर आला. सातव्या खेपेला त्याचा चेहरा त्याच्याच रुग्णांसारखा झाला.

"बस की मेल्या!" जावई मागून कुजबुजला.

"कसा बसू? आवडत नाहीये त्यांना!" दंतवैद्याने एका श्वासाच्या फटीत सांगून टाकलं.

शेवटी बँडमास्तरांनीच प्रेक्षकांकडे तोंड करून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"बघ," सासरे मुलीला म्हणाले, "ठेका चुकू नये म्हणून मास्तर टाळ्या देतोय. कच्चं काम."

तेवढ्यात ड्रमवाल्याच्या घामेजल्या हातातून काठी निसटून फळीवर आपटली. खाट्! दंतवैद्याने तीच टाळी मानली आणि खुर्चीत अंग टाकलं.

जावई उठला. अर्धं मिनिट त्याने असं वाजवलं, की बँडमास्तरांनी डोळे मिटले. तुकडा संपला. सभागृह चिडीचूप. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की दंतवैद्याला निदान आयत्या वेळी सुचतं तरी. आपल्याकडे फक्त हेच अर्धं मिनिट आहे.

त्याने तेच पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. चौथ्या खेपेला बायकोने न राहवून हात उचलले, तर वडिलांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. काहीतरी सांगतोय तो."

नवव्या खेपेला शेवटच्या सुरावर त्याचे ओठच संपावर गेले. फुंकलं, तर नुसती हवा आली. तेवढ्या पोकळीत बँडमास्तरांनी सगळा बँड लोटला आणि रचना कशीबशी पार पाडली. सासरे उभे राहिले, टाळ्या वाजवू लागले. मग सहाशे माणसं उभी राहिली.

रंगमंचामागच्या खोलीत सासरे थेट जावयापुढे येऊन थांबले.

"तुमच्या त्या सॅक्सोफोनवाल्याला काय म्हणायचंय तेच ठरत नव्हतं. सात वेळा मत बदललं! आणि तुम्ही? नऊ वेळा तेच, एक सूर इकडचा तिकडे नाही. याला म्हणतात निष्ठा. आणि शेवटी नुसता श्वास! चाळीस वर्षांत असा शेवट ऐकला नाही, जावईबापू."

जावईबापू! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. बायको एकदम भिंतीवरचं वेळापत्रक वाचू लागली. तिचे खांदे हलत होते.

जावयाला ते सोसवेना. माणूस सरळमार्गी, खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण ओठ सुजून टोमॅटोसारखे झाले होते. "फ... फ..." एवढंच बाहेर पडलं. त्याने मुकाट्याने मान खाली घातली.

"आणि वर हा विनय!" सासरे मुलीला म्हणाले.