हिरामणरावांचा कान

मोहिनीचा पहिलावहिला अल्बम तयार झाला म्हणून हिरामणरावांनी जेल रोडवरच्या आख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. अल्बममध्ये काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. मोहिनी आणि तिचा मित्र ललित वर्षभर आतल्या खोलीत लॅपटॉपवर काहीतरी करत होते आणि ते ‘इलेक्ट्रॉनिक’ होतं, एवढं बापाला पुरे होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढलेला माणूस. पोरगी शेवटी विजेच्याच लाइनीत आली, याचा कोण अभिमान!

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये वीस माणसं जमली. मोहिनीची इच्छा एकच होती, अण्णांनी पन्नास मिनिटं जागेवर बसून सगळं ऐकावं. आता अण्णांना घरात सलग पाच मिनिटं बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

अल्बम सुरू झाला. घर्रर्र... खट्... घर्रर्र.

हिरामणरावांनी मान वाकडी केली. "पंप कोरडा चाललाय!"

"अहो अण्णा, तो..."

अण्णा केव्हाच जिना उतरले होते. पंप बंद करून वर आले, तर दारातच आवाज चालू. "मग लिफ्ट हाय!" म्हणत पुन्हा खाली. त्यांनी लिफ्ट बंद केली, तेव्हा ललितची बहीण सृष्टी केक घेऊन वर येत होती. ती मधेच अडकली आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागली.

"आत्ता कुठं गाणं सुरू झालं बाई," शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या. "गळा चांगलाय हं."

ललित सृष्टीला सोडवायला धावला. तिकडे हिरामणरावांनी मेन स्विच काढला. आवाज थांबला. पुन्हा टाकला, पुन्हा घर्रर्र. विजयी मुद्रेने ते वर आले. "सापडलं! वायरिंगमध्येच फॉल्ट हाय."

"अण्णा, तो आमचा अल्बम आहे!" मोहिनीला रडूच कोसळलं.

हिरामणराव मटकन खाली बसले.

"देवरामच्या गिरणीत रेकॉर्ड केलंय, काका," सृष्टीला घेऊन आलेला ललित म्हणाला. "गेल्याच महिन्यात."

"गेल्या महिन्यात? अरे, मग त्याची बेअरिंग आता जायलाच आलीय!" त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "देवराम, गिरणी चालू करू नको. आधी उघडून बघ."

देवराम मागच्याच गल्लीतला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. "हिरामणराव, तुकडेच हातात आले! तुम्हाला घरबसल्या कसं कळलं?"

"पोरीच्या अल्बमात ऐकलं!" हे मात्र तीन बिल्डिंगांना ऐकू गेलं. मग ते मोहिनीकडे वळले. "चुकलो बाई. पहिल्यापासून लाव."

आणि काय सांगावं, हिरामणराव खरंच बसले! डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, पन्नास मिनिटं. शेवटी आवाज विरत गेला आणि खोलीत जवळजवळ शांतता झाली. सुटलो बुवा, म्हणून माणसं चपला शोधायला लागली. वत्सलाबाईंनी तर टाळ्याही वाजवल्या.

"बसा वहिनी," हिरामणराव डोळे न उघडता म्हणाले. "संपलं नाय अजून. मशीन थंड होतंय."

मोहिनीने ललितकडे पाहिलं. बंद केलेल्या गिरणीचं लोखंड निवताना होणारी ती बारीक टिकटिक टिपायला दोघांनी तीन आठवडे घालवले होते. आजवर ज्यांना ज्यांना ऐकवली, त्यांना वाटलं होतं की स्पीकर बिघडलाय.