तांबड्या सायकलीस नवा रंग दिल्याची बखर

श्रीगणेशास वंदन, आणि ज्या अनामिक कारागिराने पहिले चाक फिरते केले त्यास मुजरा. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, वैशाख वद्य तृतीया, इंदुवारी सकाळी नरहरराव, नुकतेच चाकरीतून मोकळे जाहलेले, ओट्यावर आले आणि कैलासवासी वडिलांची तांबडी सायकल उलटी उभी करून हुकूम फर्माविते जाहले की, आज हिचा जुना रंग खरवडून नवा चढवावा, कारागीर बोलावणे नाही, आम्ही खासे स्वहस्ते करणार. हे शब्द स्वयंपाकघरी वत्सलाबाईसाहेबांचे कानी पडले आणि लाटणे पोळीवरच थांबले. कारण ऐसे की, ती सायकल म्हणजे त्या दौलतीचा पट्टहत्ती. वडील टपालखात्यात होते, त्यांनी ती चाळीस वर्षे हाकिली आणि अखेरीस पुत्राचे हवाली केली, आणि तेव्हांपासून रावांची सक्त ताकीद की हिला दुसऱ्याने हात लावू नये. परंतु अकरा वर्षांमागे राव कचेरीत गेलियावर बाईसाहेब पंजाबी ड्रेस चढवून मागील दाराने सायकल काढीत आणि मंगळवारच्या बाजारास जात, ऐसे महिनाभर चालिले. माहेरी भावांबरोबर शिकलेल्या, दांड्यावरून टांग टाकण्यास वाकबगार. उतारावर सुटल्या म्हणजे आपण कोणाची सून, कोणाची बायको, काही ध्यानी राहत नसे, इतके सुख होते. मग एके दिवशी मेथीवालीपाशी म्हैस उधळली आणि सायकल दगडावर आडवी पडली आणि खालच्या दांड्याचा टवका उडून अंगठा बसेल एवढा खळगा उघडा पडला. बाईसाहेबांची पाचावर धारण बसली. घरी येऊन मोरीच्या नळास लावितात ती लांबी भरली आणि भाचीच्या लग्नातील तांबडे नेलपॉलिश तीन हात चढविले. रावांस संशय आला नाही. परंतु त्या दिवसापासून बाईसाहेबांनी सायकलीस हात म्हणोन लाविला नाही, अकरा वर्षे बाजार पायी केला, दोन्ही हातांत पिशव्या.

आणि आता पॉलिश पेपरची फौज पुढच्या चाकाच्या चिमट्याकडून निघाली आणि दहाच्या सुमारास वरचा दांडा काबीज केला. बाईसाहेब चहा घेऊन आल्या, मग सरबत घेऊन आल्या, मग म्हणाल्या, “अहो, ऊन किती झालंय! राहू द्या बाकीचं उद्यावर.”

“छे! आज रेड ऑक्साइड मारून टाकतो.”

“मग तो खालचा दांडा मी घासते. द्या इकडे.”

“तू? तुझ्या हातांना फोड येतील. आणि हे नाजूक काम आहे.”

ऐसा जबाब ऐकून बाईसाहेब आत गेल्या आणि देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, आणि काय मागावे हेही सुचेना. बाहेर घासण्याचा आवाज चालला होता, तो एकाएकी बंद जाहला.

“अगं, बाहेर ये जरा.”

बाईसाहेब आल्या. नेलपॉलिशची भुकटी होऊन उडाली होती, लांबी निखळली होती आणि राव त्या खळग्यावर बोट ठेवून मान खाली घालून बसले होते. आता सर्व संपले, ऐसे समजून बाईसाहेबांनी तोंड उघडिले, तोच राव बोलिले, “तुला एक सांगायचंय. हा खड्डा माझा आहे.”

“तुमचा?”

“दहावीत होतो. आबांना न विचारता सायकल नेली आणि नदीच्या पायऱ्यांवर आपटली. मग त्यांच्याच टपालाच्या पिशवीतली मोहरेची लाख वितळवून भरली. हे बघ, तळाला अजून आहे. त्यांना कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत म्हणायचे, आमचा नरू सायकलीला जिवापाड जपतो.”

बाईसाहेबांनी वाकून पाहिले, तो खरोखरीच लाख. म्हणजे खळगा आपला नव्हेच, आपल्या हातून केवळ जुनी लाख उडाली! अकरा वर्षांचे ओझे एका क्षणात उतरले आणि त्या मटकन ओट्यावर बसल्या. हसू आवरेना, तो रावांचे डोळे भरलेले दिसले.

“पण वरची ही लांबी माझी नव्हे,” राव म्हणाले. “आबांनीच भरली असणार. म्हणजे त्यांना कळलं होतं गं. आणि एका शब्दाने बोलले नाहीत मला.”

येथे बाईसाहेबांपुढे मोठा पेच पडिला. खरे बोलावे तर रावांचे आत्ताच मिळालेले सुख जाते, आणि न बोलावे तर आपणही साफ सुटतो. त्या म्हणाल्या, “आबा होतेच तसे मायाळू.”

“होते खरे.”

“मग मंगळवारी बाजाराला मी नेऊ का सायकल?”

राव नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? “ने,” म्हणाले. “फक्त पडलीबिडलीस तर येऊन सांग हो. माझ्यासारखं लपवू नकोस.”

“छे, लपवायचं काय त्यात!” बाईसाहेब म्हणाल्या. मग दोघांनी मिळून खळगा भरला, रंगाचे दोन हात चढविले, आठ दिवस वाळू दिला, आणि पुढील मंगळवारी बाईसाहेब पुढील दाराने, भर सकाळी, साऱ्या आळीच्या देखत स्वार जाहल्या.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. अपराध दोघांचा, माफी दोघांस मिळाली, आणि ज्यांनी ती दिली त्या कैलासवासींस या प्रकरणाची काडीचीही खबर नव्हती.