भेदभावमुक्त प्रभागातली एक खोली

आमच्या मानवी हक्क आयोगाच्या प्रभाग कार्यालयात गेल्या संपूर्ण वर्षात भेदभावाची एकही तक्रार आली नव्हती, आणि वरिष्ठ कार्यालयाने ही बाब गांभीर्याने घेतली होती. त्यांचं पत्र मीच फोडलं. त्यात लिहिलं होतं की, प्रभागात भेदभाव होत नसेल तर तिथे कार्यालयाची गरज नाही. आणि होत असूनही लोकांना कार्यालय माहीत नसेल, तर तिथे सध्याच्या कर्मचाऱ्यांची गरज नाही. तीस दिवसांत खुलासा मागवला होता. पत्र वाचून अध्यक्षसाहेबांची पाचावर धारण बसली. चौदा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच खुर्चीतून उठून खिडकीतून रस्त्याकडे बघताना पाहिलं. रस्त्यावर माणसं असतात, हे बहुधा त्यांना त्याच दिवशी कळलं असावं.

तातडीने 'आयोग तुमच्या दारी' हा जनजागृतीचा कार्यक्रम आखला गेला. प्रभागात दहा सभा घ्यायच्या, लोकांना त्यांचे हक्क समजावायचे आणि कसंही करून एखादा अन्याय झालेला माणूस मिळवायचा. पहिली सभा समाजमंदिराच्या हॉलमध्ये झाली. एकूण उपस्थिती एक्केचाळीस. त्यातले अडतीस आम्ही आणि आमचे घरचे. दोघे पंख्याखाली बसायला आलेले. उरली एक इस्त्रीवाली बाई. तीही सभेला आली नव्हती. आमचं टेबलावर अंथरायचं कापड इस्त्री करून पोचवायला आली होती. खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत म्हणून सचिवबाईंनी तिला हाताला धरून दुसऱ्या रांगेत बसवलं.

अध्यक्षसाहेब पाऊण तास समतेवर बोलले. मग नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" नेहमीप्रमाणे कुणी काही विचारणार नाही या खात्रीने त्यांनी कागद आवरायलाही घेतले होते. तेवढ्यात बाई उभी राहिली.

"शंका नाही साहेब, पण एक सांगायचंय," ती म्हणाली. "इथल्या मास्तरांच्या इमारतीत तळमजल्याला एक खोली रिकामी आहे. माझं त्यांच्याशी सगळं ठरलं होतं. चावी तेवढी घ्यायची राहिली होती. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं. तर म्हणाले, खोली भावाच्या मुलाला दिली. साहेब, त्यांना भाऊच नाही."

पंख्याखालचे दोघेही जागे झाले.

"रस्ता रुंद करायचा म्हणून आमच्या घराच्या भिंतीवर लाल खूण केलीय," ती पुढे म्हणाली. "महिन्याभरात पाडणार. सासूला जिना चढवत नाही, इस्त्रीचं टेबल वरच्या मजल्यावर नेऊन धंदा होत नाही. तळमजल्याची तेवढी एकच खोली आहे बघा या भागात."

अध्यक्षसाहेबांचे डोळे भरून आले. मी जवळच होतो, मी स्वतः पाहिलं. ते माझ्या कानाशी म्हणाले, "अहो, मिळाली."

तिथल्या तिथे तक्रार क्रमांक एक नोंदवायला मी फॉर्म काढला. नाव झालं, पत्ता झाला. तिसरा रकाना होता, 'तक्रारदार कोण'. मी विचारलं. बाईने माझ्याकडे बघितलं.

"परत तेच?"

"बाई, त्यांनी भेदभाव करायला विचारलं," मी म्हणालो. "आम्ही तो दूर करायला विचारतोय. फरक आहे."

तिला फरक कळला नाही, पण तिने सांगितलं. मी लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या सचिवबाईंनी मान वाकडी करून वाचलं आणि "अच्छा, असं होय," म्हणाल्या.

आता कुणालाही वाटेल की यापुढे मास्तरांना बोलावून दोन शब्द सुनावायचे आणि खोली मिळवून द्यायची, एवढंच काम उरलं. आठवडाभराचं काम. पण सरकारी कामात इतकं सोपं काही निघालं तर समजावं, आपलं काहीतरी चुकतंय. सचिवबाई नियमांच्या पक्क्या. त्यांनी कलम दाखवलं: निकाल लागलेलं प्रकरण गोपनीय होतं आणि अभिलेख कक्षात बंद होतं, त्याविषयी जाहीर बोलता येत नाही. मात्र प्रलंबित प्रकरण जनजागृतीसाठी उदाहरण म्हणून वापरता येतं.

"म्हणजे आज न्याय दिला तर उरलेल्या नऊ सभांत सांगायचं काय?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. प्रभागात सापडलेला एकुलता एक अन्याय पहिल्याच आठवड्यात संपवून टाकायचा, ही उधळपट्टी झाली. तक्रार विचाराधीन ठेवण्याचा निर्णय एकमताने झाला आणि बाईला 'प्रातिनिधिक अनुभवकथक' असं पद देण्यात आलं. पद मानाचं होतं, म्हणजे बिनपगारी होतं.

दुसऱ्या सभेत ती दहा मिनिटं बोलली. फार झालं. तिसऱ्या सभेआधी सचिवबाईंनी तिला समोर बसवून भाषण चार मिनिटांवर आणलं. सासूचं आधी घ्यायचं, लाल खुणेचं शेवटी, आणि 'भाऊच नाही' नंतर जरा थांबायचं, कारण तिथे लोक हसतात. बाई गुणी होती, पटकन शिकली. पण चौथ्या सभेला नेताना रिक्षात मला म्हणाली, "साहेब, गिऱ्हाईकं कपडे परत न्यायला लागली. दुपारची इस्त्री होतच नाही. हे किती वेळा सांगायचं?"

"अजून सात वेळा."

"आणि खोली?"

"विचाराधीन आहे," मी म्हणालो. हे सांगताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटण्याचा रकाना माझ्या टेबलावरच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

पाचव्या सभेला अध्यक्षसाहेबांच्या लक्षात आलं की आपण एकाच बाजूचं ऐकवतोय. समतेचं काम करणाऱ्यांनी मास्तरांवर असा अन्याय करणं शोभत नव्हतं. मास्तरांना सन्मानाने बोलावण्यात आलं. व्यासपीठावर बाईला बाक होता, मास्तरांना हाताची खुर्ची आणि पुष्पगुच्छ. कारण बाई कार्यक्रमाची घरचीच झाली होती, मास्तर पाहुणे होते.

मास्तर पहिल्या दिवशी बिचकले. पण तीस वर्षं फळ्यासमोर बोललेला माणूस. माईक हातात आला आणि गडी खुलला. "माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही," ते म्हणाले. "मी स्वतः या लोकांच्या हातचं पाणी प्यायलेलो आहे. पण इमारतीत चार बिऱ्हाडं आहेत. त्यांचा विचार करावा लागतो." टाळ्या पडल्या. सातव्या सभेपर्यंत त्यांना पश्चात्तापही होऊ लागला. आठव्या सभेत तर ते व्यासपीठावर रडले, रुमाल भिजेपर्यंत रडले, आणि म्हणाले, "चूक झाली माझी. या ताईंनी माझे डोळे उघडले." पुढच्या रांगेतल्या बायकांनीही डोळे पुसले. अध्यक्षसाहेबांनी तिथेच त्यांना 'समतादूत' जाहीर केलं आणि छातीवर बिल्ला लावला.

टाळ्या ओसरल्यावर बाई बाकावरून म्हणाली, "मग मास्तर, चावी द्या."

माईक बंद होता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मास्तर बिल्ला चाचपत राहिले. अध्यक्षसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि प्रश्नोत्तरांची वेळ संपल्याचं घोषित केलं. गाडीत बसल्यावर ते माझ्यावरच उखडले. "त्या बाईला सांगा जरा, कार्यक्रमाचा रसभंग करू नका म्हणावं. माणूस बदलतोय तर बदलू द्या की निवांत."

दहा सभांचा अहवाल गेला आणि वरिष्ठ कार्यालय अक्षरशः गहिवरलं. खुलासा मागवणारं पत्र मागे घेण्यात आलं. उलट आमच्या प्रभागाला कायमस्वरूपी 'समता संपर्क केंद्र' मंजूर झालं. अट एकच: केंद्र तळमजल्यावर हवं, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांना जिना चढावा लागू नये. कुणावर अन्याय नको.

प्रभागात तळमजल्याची रिकामी खोली कुठे आहे, हे आम्हाला शोधावं लागलं नाही. दहा सभांत दहा वेळा ऐकलं होतं. मास्तरांनी आनंदाने चावी काढून दिली. भाडेकरू साक्षात आयोग म्हटल्यावर शेजाऱ्यांचाही विचार करावा लागला नाही. उद्घाटनाच्या टेबलावरचं कापड इस्त्री करायला अर्थातच बाईकडेच दिलं. ती ते घेऊन दारात आली आणि आत बघत उभी राहिली. खोलीला पूर्वेची खिडकी होती. खिडकीखाली तिचं टेबल बरोबर बसलं असतं. आता तिथे आमचं पत्रकांचं कपाट होतं.

"साहेब, ही तीच खोली," ती म्हणाली.

"तीच," अध्यक्षसाहेब प्रसन्नपणे म्हणाले. "आणि ही तुमच्यासाठीच आहे, ताई. रोज अकरा ते पाच, केव्हाही या. हक्काने या."

चार दिवसांनी तिचं घर पाडलं. मी तिकडून कामासाठी जात होतो म्हणून दिसलं. पत्रे, पाट, सासूची खाट आणि इस्त्रीचं टेबल बसथांब्याच्या शेडखाली रचलेलं. सासू खाटेवर बसून येणारी प्रत्येक बस बघत होती, जणू तिच्यातलीच एखादी आपल्याला न्यायला येणार आहे. बाईने कोळसे पेटवले होते आणि एका माणसाच्या शर्टाला इस्त्री करत होती. मी मान खाली घालून पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी अकराला ती सासूला घेऊन केंद्रात आली. बोलावलंच होतं. सासू आमच्या बाकावर आडवी झाली. सचिवबाईंनी हरकत घेतली नाही. फक्त दोघींची नोंद भेट देणाऱ्यांच्या वहीत करायला सांगितली. रोज दोन भेटी, महिन्याच्या साठ. जनसंपर्काचा आकडा असा वाढलेला बघून वरून अभिनंदनाचा फोन आला. पाच वाजले की आम्ही कुलूप लावायचो आणि दोघी बसथांब्यावर जायच्या.

आता तक्रार क्रमांक एक निकाली काढायला काही अडचण नव्हती. निकाल मीच टंकलिखित केला: 'सदर खोली आता रिकामी नसल्याने ती नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तक्रार निकाली.' त्यानंतर प्रभागाची पाहणी झाली. तळमजल्याला एकही रिकामी खोली नव्हती, त्यामुळे कुणाला ती नाकारण्याची सोयच उरली नव्हती. प्रभाग भेदभावमुक्त जाहीर झाला. नाक्यावर तसा मोठा फलक लागला. तो बसथांब्याच्या शेडपेक्षा मोठा होता, आणि दुपारच्या उन्हात सासू त्याच्या सावलीला बसायची. या कार्यालयाचा लोकांना उपयोग नाही असं कुणी म्हणू नये.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण परवा बाई माझे शर्ट घेऊन घरी आली आणि घडी हातात देताना म्हणाली, "साहेब, तुमची मागच्या अंगणाकडची खोली रिकामीच असते ना? दोन महिने दिलीत तरी चालेल. पावसाळ्यापुरती."

मी आयोगाचा माणूस. मी तिला दारातून परत पाठवलं नाही. आत जाऊन बायकोला विचारलं.

"कोण आहे?" बायको म्हणाली.

"आपली इस्त्रीवाली. स्वभावाने चांगली आहे, कामाला चोख आहे."

"ते नव्हे हो. म्हणजे, कोण?"

मी सांगितलं. "माझं काही नाही," बायको म्हणाली, "पण आईंना विचारा." आई म्हणाली, माझं काही नाही, शेजारच्या वहिनी काय म्हणतील. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आमचं काही नाही, तुमचं घर आहे, तुम्ही बघा. अख्ख्या गल्लीत कुणाचंच काही नव्हतं. मी बाहेर येऊन बाईला सांगितलं की खोलीला ओल आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "बरं साहेब," म्हणाली, आणि उरलेले दोन शर्ट माझ्या हातावर ठेवून गेली.

माझी मला लाज वाटते. ती मी मान्य करतो आणि तिथेच ठेवतो. पण तुम्हाला इतकं हसू येत होतं म्हणून तुमच्याबद्दलही एक नोंद करतो. चौदा वर्षं लोकांसमोर फॉर्म धरतोय, वाचणाऱ्याची नजर कुठे अडते ते मला कळतं. ती बाई नेमकी कोण, हे मी या सगळ्या मजकुरात एकदाही लिहिलेलं नाही. तिने मला सांगितलं, मी बायकोला सांगितलं, तुम्हाला नाही. आणि तुम्ही पहिल्या सभेपासून तेच शोधत होतात. तिच्या धंद्यावरून, बोलण्यावरून, मास्तरांनी प्यायलेल्या पाण्यावरून अंदाज बांधत होतात. आता एक अंदाज पक्काही केला असेल. पावसाला तीन आठवडे आहेत, म्हातारी उघड्यावर आहे. तिला खोली मिळाली का, हे तुम्ही विचाराल, मला खात्री आहे. फक्त तो तुमचा दुसरा प्रश्न असेल.