चाळीसच्या वर न जाणारा ट्रक

आर्मस लाहतीला जास्त वेगाची पावती मिळाली, तेव्हा त्याला दंडाचं काही वाटलं नाही. घोर लागला तो नाताळच्या मिरवणुकीचा. सांताक्लॉजला बसवून सगळ्यांत पुढे चालायचा मान कित्येक वर्षं त्याच्या जुन्या लाल ट्रकचा होता आणि ज्याची पावती फाटली त्याला त्या वर्षी तो मिळत नसे. शेजारचा ड्वेन आपली नवी गाडी पुसून टपूनच बसला होता.

"कोर्टात जा," बायको लेंपी म्हणाली. "साक्षीला पोलीस आला नाही तर केस रद्द करतात."

"आणि आला तर?"

"येणार नाही अशी तारीख माग की."

मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे शाळासुद्धा बंद. पावती देणारा पोलीस ट्रॅव्हिस तर शिकारीचा वेडा. आर्मसने नेमका तोच दिवस मागून घेतला आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूष झाला.

पण तो दिवस उजाडला आणि त्याचाच पाय घरात ठरेना. "पहाटे जरा जाऊन येतो. कोर्ट काय, नंतर आहे," असं म्हणून तो शिकारीत सगळेच घालतात ती नारिंगी टोपी चढवून रानात गेला. तिथे त्याला आयुष्यातलं सगळ्यांत मोठं हरीण मिळालं. इतकं मोठं, की ते एकट्याला ओढवेना. तेवढ्यात तोंडाला मफलर गुंडाळलेला एक दांडगा गडी आला आणि त्याने ते ट्रकमध्ये चढवून दिलं.

"काका, गावात सोडता का? माझी गाडी बर्फात रुतलीये. कोर्टात साक्ष आहे, आत्ता आठवलं. कुणातरी म्हाताऱ्याची केस आहे."

मफलर खाली आला. आत ट्रॅव्हिस होता.

बर्फात अडकलेल्या माणसाला सोडून जायची त्या भागात पद्धत नाही. आर्मसने त्याला मुकाट्याने शेजारी बसवलं आणि ट्रक बैलगाडीसारखा हाकायला सुरुवात केली.

"असे काय चाललात?"

"ताशी चाळीस मैलांच्या वर जातच नाही रे हा. कोर्टात तेच सांगणार आहे मी."

"सांगायला पोचलात तर ना. वेळेवर गेला नाहीत तर तुम्ही आपोआप हरलात. आणि मला साहेब फाडून खाईल. दाबा."

आर्मसने दाबलं.

जज हॉल्मबाईंसमोर दोन नारिंगी टोप्या धापा टाकत उभ्या राहिल्या. आर्मसने शपथ घेऊन सांगितलं की ट्रक म्हातारा आहे, चाळीसच्या वर जाणं त्याच्या तब्येतीला झेपत नाही.

"खरं आहे का हे?" बाईंनी ट्रॅव्हिसला विचारलं.

ट्रॅव्हिसने बुटांकडे पाहिलं. ट्रक पळतो म्हणावं, तर दाबा कोण म्हणालं तेही सांगावं लागणार. "मी वेगाच्या काट्याकडे... नीट बघितलं नाही, बाई."

बाईंनी चष्मा काढला. "मी आज पंचावन्नने येत होते. पुलाजवळ एक लाल ट्रक मला मागे टाकून गेला. मागे हरणाचे पाय हलत होते, पुढे दोन नारिंगी टोप्या. एकीने तर मला हात पण केला."

"मीच केला," ट्रॅव्हिस पुटपुटला. "तुम्ही ओळखीच्या वाटलात."

बाईंना हसू आवरेना. "आता साक्षीदार मीच झाले, मग खटला कसा चालवू? जा, केस रद्द. पण आर्मस, मिरवणुकीत ट्रॅव्हिस तुझ्यापुढे पायी चालेल. त्याला ओलांडलंस तर माझ्याशी गाठ आहे."

मिरवणुकीच्या दिवशी ट्रॅव्हिसचे बूट नवे होते. पहिल्याच वळणावर ते चावायला लागले आणि तो लंगडू लागला. त्याच्यामागे आर्मस ताठ मानेने पहिल्या गिअरमध्ये. थोड्या वेळाने गारठलेला सांताक्लॉज उतरला आणि चालत पुढे निघून गेला. पोरं त्याच्या मागे पळाली. मागच्या गाड्या बाजूच्या गल्लीत वळल्या, त्यात सर्वांत पुढे ड्वेन.

अंधार पडता पडता ट्रक चौकात पोचला. तिथे फक्त लेंपी उभी होती, हातात थंडगार झालेली खिम्याची भाजलेली करंजी घेऊन.

"मान मिळाला ना?" आर्मसने काच खाली करून विचारलं.

"मिळाला की. सगळ्यांत पुढे निघालास," ती म्हणाली. "आता घरी चल. बाकीचे जेवून झोपलेसुद्धा. आणि हे बघ, घरी जाताना तरी दाब."