रुमालाचं तिकीट

लग्नाच्या हॉलमध्ये मी एवढंच म्हणाले, "नवरी काय अट्रॅक्टिव्ह दिसते हो!" झालं. माझ्या पुढं ताट घेऊन उभे असलेले साळवे सर गर्रकन मागं वळले आणि जेवणाची अख्खी रांग थांबली.

"ताई, अट्रॅक्टिव्ह? नीट पाहिलंत का?"

"पाहिलं की. छान आहे पोरगी."

"अट्रॅक्टिव्ह म्हणजे लोहचुंबक. खिळा ओढला जातो, खिळ्याला कुणी विचारत नाही. ही मुलगी तशी नाही. हार घालताना बघा, हसू दाबत होती. आपणही तिच्यासोबत हसू दाबतो. ही एंगेजिंग आहे."

"असंल, सर. आधी भात घ्या."

"शब्द घाईचा नाही, ताई."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, भाषण नंतर करा, मठ्ठा संपायलाय!"

मठ्ठा खरंच संपला. आजही त्या लग्नाची आठवण निघाली की मला तो न मिळालेला मठ्ठा आठवतो.

साळवे सर शहरात, मुकुंदवाडीला, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. नोकरीभर पिशोर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, रिटायर झाल्यावर इथं आले. मी सातवी शिकलेली. पुढचं इंग्रजी साबणाच्या वेष्टनांवरून आणि नातवांच्या पुस्तकांतून वेचलेलं. माझ्या लेखी छान म्हणजे छान. यांच्या लेखी छानच्या इतक्या तऱ्हा, की कुणाचं कौतुक करायचं म्हटलं तरी धाप लागते.

ग्लॅमरस म्हणे लांबूनच असावं, जवळ गेलं की रंग हाताला लागतो. अल्यूरिंग म्हणजे गळाला लावलेला कणकेचा गोळा. माशानं सावध राहावं. फॅसिनेटिंग म्हणजे सापापुढं बेडूक बसतो तसं, भीती वाटते पण नजर हलत नाही. बिविचिंग म्हणजे सरळ भानामती. हे सगळं मला भाजीच्या गाड्यापाशी ऐकावं लागतं, हातात मेथीची जुडी धरून. मेथी सुकते, पण सरांचा शब्द सुकत नाही.

आमच्या कोपऱ्यावर शबानानं ब्यूटी पार्लर काढलं. पेंटर शिडीवर चढून पाटी रंगवायला लागला, 'चार्मिंग ब्यूटी पार्लर'. सरांनी त्याला खाली उतरवलं.

"शबाना बेटा, चार्म चेहऱ्यावर चोळता येत नाही. तो माणूस उठून गेल्यावर कळतो. खोली तीच असते, पण काहीतरी कमी झालेलं असतं. तो तू डबीतून कसा देणार?"

शबाना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, क्या चोळना, क्या नहीं, वो मैं देखती ना! तुम बस नाव बताओ."

सरांनी आठवडाभर विचार केला. पेंटर तेवढ्यात दुसऱ्या कामावर निघून गेला. शेवटी शबानानं स्वतःच खडूनं 'शबाना पार्लर' लिहिलं. ते अजून खडूचंच आहे.

तर अशा या माणसाचं लग्न जमवायला मी निघाले. माझंच डोकं फिरलं होतं, दुसरं काय!

नलिनीताई, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. तो मला फोन करून म्हणायचा, "काकू, बाबा दोन वेळचं एकदाच शिजवतात आणि टीव्हीशी बोलतात." टीव्हीशी बोलतात ते मला ठाऊक होतं. बातम्या देणाऱ्या मुलीचे शब्द सुधारायचे, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. माझी मैत्रीण प्रमिला पैठणला असते. दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. तीही एकटीच. जिभेनं जरा तिखट, पण दुसऱ्याचा ताप हात लावून ओळखणारी. म्हटलं, दोघांची गाठ घालून द्यावी.

सरांना कसंबसं तयार केलं आणि पैठणच्या एसटीत चढलो. सर माझ्याआधी चढले, दोघांच्या बाकावर खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. मला बरं वाटलं, जागा धरली म्हणून. बसायला गेले तर म्हणतात, "ताई, तुम्ही पुढच्या बाकावर बसा."

"अहो, मग हा रुमाल कुणासाठी?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. कंडक्टर आला. "काका, इथला माणूस कुठंय?"

"येईल."

"गाडी सुटली की! आता काय वाटेतल्या चितेगावहून पळत येणार का? उचला तो रुमाल, नायतर त्याचं तिकीट काढा."

सरांनी खरोखर रुमालाचं तिकीट काढलं. अख्खी गाडी माझ्याकडं बघत होती, जणू यांना बाहेर घेऊन निघाले म्हणून मीच शहाणी नाही. पैठणपर्यंत मी मान वळवली नाही.

प्रमिलानं चहा केला, शेव दिली. "जयभीम, सिस्टर," एवढं बोलून सर जे बसले, ते तिनं त्यांच्या बीपीबद्दल विचारल्यावरच बोलते झाले. मग मात्र दोघं तासभर बोलले. मीठ कमी करा म्हणून ती रागावली, तर सर लहान पोरासारखे "बरं" म्हणाले. आजवर मी त्यांना कुणाचं ऐकताना पाहिलेलं नव्हतं.

परतताना विचारलं, "कशा वाटल्या?"

"शब्द शोधतोय, ताई."

घ्या! चार दिवस गेले, आठवडा गेला. प्रमिलाचा फोन आला, "अगं, हो का नाय, एका शब्दात सांगायला काय होतं त्या माणसाला?"

एका शब्दात! तिला काय कल्पना. मी तावातावानं सरांकडं गेले. ते गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते.

"प्लेझंट आहेत," सर म्हणाले.

"प्लेझंट सकाळची हवा असते! बाईला असं कळवू का मी?"

"ग्रेसफुल म्हणता येईल. पण त्या शेव वाढतात धबकन. वॉर्म आहे, पण तो शब्द थोडा लहान पडतो."

"मग चार्मिंग म्हणा आणि सोडा मला!"

सरांच्या हातातला तांब्या थांबला.

"तो शब्द मोकळा नाही, ताई. त्याच्यावर रुमाल आहे."

मला काही कळेना. मग ते हळूहळू बोलायला लागले. पिशोरहून शहरात यायचं म्हटलं की सर आधी गाडीत चढून जागा धरायचे आणि नलिनीताई पेरू घ्यायला खाली थांबायच्या. घासाघीस करत बसायच्या. गाडी सुटायच्या बेतात धावत येऊन रुमालावरच बसायच्या आणि हसायच्या. "तेव्हा मी तिला तो शब्द सांगितला. तिला इंग्रजी येत नव्हतं. म्हणाली, असू द्या, माझ्यासाठी धरून ठेवा."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

पण प्रमिलाला काय सांगायचं? तिचाच पुन्हा फोन आला, "शुक्रवारी डोळे तपासायला येतेय शहरात. दुपारच्या गाडीनं परत. बोलायचं असेल तर स्टँडवर या म्हणावं, नायतर विषय बंद. मी काय रोज वाट बघत बसू?"

शुक्रवारी मी सरांना अक्षरशः ओढत स्टँडवर नेलं. पैठणची गाडी लागली तशी ही झुंबड! प्रमिलाच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला समोरचं धड दिसेना, त्यात एका बाईनं धक्का दिला म्हणून तिच्याशी भांडण सुरू. मी तिचा हात धरून दारापाशी आणेपर्यंत सर कुठं गायब झाले कळलं नाही.

ते आत होते. सवयीनं चढून त्यांनी जागा धरली होती. शेजारी रुमाल.

कंडक्टर तोच निघाला. लांबूनच ओरडला, "काका, आज पण रुमालाचं तिकीट का?"

प्रमिला डोळे बारीक करत, बाकांना धरत धरत तिथवर पोचली आणि उभी राहिली. मी खालून खिडकीतून बघत होते. तोंडात आलं होतं, सर, काहीही म्हणा, प्लेझंट म्हणा, पण म्हणा. सरांनी एकदा दाराकडं पाहिलं. दारात आता कुणी नव्हतं. मग त्यांनी रुमाल उचलला, त्याच रुमालानं जागा पुसली आणि स्वतः खिडकीकडं आणखी सरकले.

"बसा, सिस्टर."

ती बसली. गाडी हलली.

"सर, उतरा! तुम्हाला कुठं जायचंय?" मी गाडीबरोबर दोन पावलं धावले. या वयात, भर स्टँडवर! कुकर लावून ठेवलाय, आल्यावर पेटवतो, असं निघताना सरच म्हणाले होते ना?

त्यांना ऐकूही गेलं नाही. प्रमिला त्यांना कशावरून तरी रागावत होती आणि ते मान हलवत होते. रुमाल त्यांच्या हातात होता. तो आधी या खिशात, मग त्या खिशात, मग पुन्हा मांडीवर. त्याचं आता काय करायचं, ते काही त्यांना सुचत नव्हतं.