कादंबरीतल्या शेठचा कस

आमच्या शेजारच्या तात्यांच्या घरी केर बाहेर टाकत नाहीत. आधी तो धुतात. साताऱ्यातला देखणा बंगला, तळव्यांना सुखावणारी गार संगमरवरी फरशी, आणि तिच्यावर उकिडवे बसून परातीतल्या पाण्यात केर हलकेच हिंदकळवणारे तात्या! ते दृश्य मी प्रथम पाहिले, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "सवय हाय, बाई. दुकानाच्या केरात सोनं ऱ्हायाचं."

तात्या मूळचे आटपाडीचे. मिसरूड फुटण्याआधीच परमुलखात गेले, गलाईच्या, म्हणजे जुने सोने भट्टीवर मुशीत वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरले आणि गडगंज होऊन परतले. परतले ते मात्र साताऱ्यात. "आधी तापवा, मग बोला," हे त्यांचे पालुपद. भाजीवालीने मेथी कोवळी असल्याची ग्वाही दिली, तरी हेच.

"तापवल्यावर तिची भाजीच हुतीया, तात्या!" ती एकदा फणकारली.

दर शनिवारी संध्याकाळी माझ्या अंगणात आम्ही पाचसहाजण मोठ्याने वाचन करतो. यंदा एक जुनी, गाजलेली कादंबरी घेतली होती. नायक गरिबीतून वर आलेला, महत्त्वाकांक्षी शेठ. पहिल्या शनिवारी तात्या कुंपणापलीकडून ऐकत होते. दुसऱ्या शनिवारी स्वतःची खुर्ची घेऊन आले. तिसऱ्यापासून सर्वांना केशरी दूध सुरू झाले. शेठने कापडगिरणी विकत घेतली, त्या संध्याकाळी तर त्यांनी पेढे वाटले!

शेवटच्या शनिवारी शेठ नव्याकोऱ्या मोटारीतून जन्मगावी निघाला. वेशीवर मोटार थांबली, आणि थोरल्या भावाला न भेटताच शेठ माघारी फिरला.

"माजोरडा!" आमच्यातल्या निवृत्त सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "पैसा चढलाय, दुसरं काय!"

"आवं सुभेदार, आधी तापवा, मग बोला!" तात्या ताडकन उठले. पेला कलंडला; तापल्या मातीवर सांडलेल्या दुधाचा केशरी गंध अंगणभर पसरला. "माज असता तर भोंगा वाजवत गावात शिरला असता की! येशीवर कशाला थांबतोय?"

"मग फिरला का? सांगा की!"

"भ्यालाय त्यो!"

"एवढा शेठ? आन् कुणाला भ्यायचं?"

"भावाला. वैनी वारली तवा ह्यो गेला न्हाई. मूस भट्टीत हुती, सोडून कसा जाईल? आता भावानं दारातच इचारलं, 'कोण पायजे?' तर ह्यानं काय सांगायचं?"

मी पाने मागेपुढे चाळली. शेठची तर कापडगिरणी. भट्टी कुठून आली? वहिनीचा उल्लेखही कुठे नव्हता.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले, मग तात्यांकडे. त्यांचा आवाज एकदम उतरला. "न्हाई, तात्या. माजोरडा न्हाई त्यो. चुकलं माझं."

तात्या मटकन खुर्चीत बसले. धोतराचा सोगा चुरगाळू लागले. मग मला म्हणाले, "बाई, उद्या आटपाडीला येता का माझ्यासंगं? एकटा असलो की गाडी येशीवरनं वळतीया."

"पाचला निघू!" माझ्याआधी सुभेदारच गरजले. "पुढं मी बसतो. बघू कशी वळतीया ती."

"आन् दादानं वळखलंच न्हाई तर?"

"आमी हाय की सांगायला, तुमी कोण ते."